पंचवीस शब्दांची यादी

"दिवा लावा की ओ बाई, ऐकू येईना झालंय."

काचेपलीकडून इंदुबाई सातपुते असं म्हणाल्या तेव्हा मला हसू आलं. माझ्या बाजूची ट्यूबलाइट सकाळी आल्या आल्याच गेली होती. वायरमनला निरोप धाडला होता, तो यायचा होता. तोवर मी टेबलावरचा छोटा दिवा ऑडिओमीटरच्या डायलवर वाकवून घेतला होता. आकडे दिसत होते, लिहिता येत होतं. माझं काम तेवढ्यावर भागत होतं.

"दिव्याचा आणि कानाचा काय संबंध, इंदुबाई? हेडफोन नीट बसलाय ना?" मी माइकमध्ये विचारलं.

त्या पुढे वाकून काचेतून माझ्या दिशेने नुसत्या बघत राहिल्या.

मी यादी पुढे वाचली. दोन अक्षरी पंचवीस शब्द. घोडा, विळी, दोरा, माती. मी म्हणायचं, पलीकडच्या माणसाने ऐकून तसंच म्हणायचं. प्रत्येक बरोबर शब्दाला चार गुण. आवाजाची पातळी यंत्रावर ठरवून दिलेली, ती मी कधी एका रेषेनेही हलवली नाही. इंदुबाईंचे नऊ शब्द बरोबर आले. छत्तीस.

मागच्या महिन्यातला त्यांचा कागद काढून पाहिला. चौऱ्याऐंशी.

एवढ्यात वायरमन आला. स्टुलावर चढून त्याने नवी ट्यूब बसवली आणि गेला. शंका आली तर चाचणी पुन्हा घ्यायची असा नियम आहे. मी दुसरी यादी काढली. या वेळी इंदुबाई आरामात मागे टेकून बसल्या होत्या आणि शब्द माझ्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत त्यांच्याकडून परत येत होता. एकवीस बरोबर. चौऱ्याऐंशी.

मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. छत्तीस, चौऱ्याऐंशी. कान तोच, यंत्र तेच, आवाज तोच. मध्ये फक्त एक ट्यूबलाइट.

हसू कधीच मावळलं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णवची, इचलकरंजीतल्या एका धर्मादाय रुग्णालयातली. मी सत्तावीस वर्षांची होते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मग श्रवणतपासणी शिकलेली. कान-नाक-घसा विभागाचे प्रमुख डॉ. मगदूम यांच्या हाताखाली मला तीन वर्षं झाली होती. गावात हजारो यंत्रमाग आणि मागांवर काम करणाऱ्यांचे कान चाळिशीच्या आत जाणारे. मगदूम सर याच गावचे, मागवाल्याचे चिरंजीव. या लोकांसाठी काहीतरी करायचं हे त्यांनी मनावर घेतलं होतं. कानाच्या नसेचा रक्तपुरवठा वाढवणारी एक पिवळी गोळी त्यांनी सेहेचाळीस कामगारांना वर्षभर दिली होती. गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर दर महिन्याला मी प्रत्येकाची चाचणी घेत होते. पहिल्या खेपेला शब्दांचे गुण सरासरी एक्केचाळीस होते. वर्षाच्या शेवटी बहात्तर.

बहात्तर! सरांनी तो आकडा माझ्या कागदावर तीनदा गिरवला होता.

येत्या शनिवारी नगरवाचनालयाच्या सभागृहात सर हे सगळं मांडणार होते. मागमालक, कामगार, गावातले डॉक्टर, सगळे येणार होते. मालकांच्या संघापुढे दोन वर्षं एक प्रस्ताव पडून होता: प्रत्येक कामगाराला कानावर बसवायची झाकणं द्यायची आणि ती घातल्याशिवाय शेडात सोडायचं नाही. मालकांना ते नको होतं, कामगारांनाही नको होतं. झाकणात घाम येतो, धागा तुटलेला कळत नाही. गोळीने गेलेला कान परत येत असेल तर झाकणं हवीत कशाला, असं आता गावभर बोललं जात होतं. शनिवारी तो प्रस्ताव निकालात निघणार होता.

आज मंगळवार होता.

इंदुबाई हेडफोन काढून बाहेर आल्या. पन्नाशीच्या जवळ आलेली, कांडी मशीनवर बावीस वर्षं उभी राहिलेली बाई. मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते, त्या कांड्या भरायचं हे काम.

"बघा, दिवा लावल्यावर कसं आलं!" त्या खूश होत्या.

"इंदुबाई, शेडात तुम्ही एकमेकींशी कसं बोलता?"

"बोलतो की. तोंडानं."

"अहो, पण साठ माग चालू असताना ऐकू कसं येतं?"

"ऐकायला कोण बसलंय तिथं?" त्यांना माझ्या अडाणीपणाची कीव आली असावी. "तोंड बघायचं. पल्याडच्या दारातनं मुकादम शिव्या द्याय लागला तरी हितं कळतंय. आवाज काढायचा न्हाई. ओठ जरा मोठं हालवायचं, सावकाश. थांबा, दावते."

त्या पुन्हा काचेपलीकडे गेल्या, दार लावून घेतलं आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. घशातून आवाज नाही. एक लांबलचक वाक्य असावं. मला एक अक्षर कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी नकारार्थी मान हलवली.

बाहेर येऊन त्या पदराआड हसल्या. "एवढं शिकलायसा आणि एवढं कळंना? जेवलासा का, असं इचारलं."

मग जाता जाता, पिशवी खांद्यावर घेत त्या म्हणाल्या, "बाई, एक सांगा. गोळीनं कान फिरून येतोय, हे पक्कं न्हवं? आमच्या वनितीला एक तारखेपास्नं कांडीवर घालायचं म्हनते. धावी झाली. तिचा बा म्हनतोय, आता गोळी हाय, भ्यायचं कारन न्हाई."

मी म्हणाले, "शनिवारी सर सांगतील."

त्या गेल्यावर मी दोन्ही आकड्यांचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला.

चूक माझी होती, आणि तोंड झाकून शब्द वाचायचे हे शिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असल्यामुळे ती जास्तच माझी होती. आधीच्या जुन्या खोलीत खिडकीच नव्हती. मी पडद्यामागे बसायची. सगळ्यांची पहिली चाचणी तिथे झाली होती. मग सरांनी देणगी मिळवून ही नवी खोली बांधून घेतली. आवाज न शिरणाऱ्या भिंती, मध्ये दुहेरी काच, रुग्णाच्या बाजूला मंद दिवा आणि माझ्या बाजूला लखलखीत ट्यूब. सुरुवातीचे काही दिवस मी तोंडापुढे पुठ्ठा धरत होते. पण एक हात डायलवर, एक हात पेनावर. पुठ्ठा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? बाहेरून येणाऱ्या साध्या रुग्णांच्या गुणांत पुठ्ठ्याने फरक पडत नव्हता, हे मी पडताळून पाहिलं होतं. नुसत्या सुट्या शब्दांवर ओठ वाचणं सोपं नसतं. म्हणून पुठ्ठा खाली ठेवला.

ज्यांचं अर्धं आयुष्य ओठ वाचण्यात गेलंय अशी माणसं समोर येऊन बसतायत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि खूण नव्हती असंही नाही. शिट्टीच्या चाचणीत, म्हणजे यंत्राची बारीक शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं त्या चाचणीत, वर्षभर कोणाचाही आलेख हलला नव्हता. मी ते सरांना दाखवलंही होतं. ते म्हणाले होते, "माणूस शिट्ट्या ऐकून जगत नाही, हेर्लेकर. बोलणं कळतंय ना? नस सुधारतेय." मला ते पटलं होतं. पटवून घ्यायचं होतं, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. छापायला जाणाऱ्या शोधनिबंधावर सरांनंतर दुसरं नाव माझं होतं.

मी त्या चारजणांचे कागद काढले जे दुपारी येणार होते. चौघांची चाचणी पुठ्ठा धरून घेतली. चाळीस, छत्तीस, चव्वेचाळीस, चाळीस.

ते कागद घेऊन मी सरांच्या खोलीत गेले.

मगदूम सर उंच, ताठ, फार कमी बोलणारे. त्यांची विभागात जरब होती. पाठ करून किंवा मान खाली घालून कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. "माझ्याकडं बघून बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऑपरेशन थिएटरमध्ये तर बोलायचंच नाही असा त्यांचा नियम होता. हाताच्या खुणांवर शस्त्रक्रिया चालायची. बाहेरगावचे डॉक्टर ती शांतता बघून थक्क व्हायचे.

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, नजर माझ्या चेहऱ्यावर.

"पाच माणसं," ते म्हणाले. "पाच माणसांवरून सेहेचाळिसांचा निकाल फिरवायचा?"

"म्हणून तर सगळ्यांना पुन्हा बोलवायचंय, सर. शनिवारच्या आत."

"आणि आजवरचे आकडे?"

"ते कानाचे नाहीत. डोळ्यांचे आहेत."

"हेर्लेकर, तुम्ही दमलाय. तुम्ही वर्षभर चाचण्या घेतल्या. आता सभा चार दिवसांवर आली आणि तुम्हाला शंका सुचतायत. असं होतं. निबंध छापायच्या आधी प्रत्येकाला होतं."

"सर, फरक इतका मोठा आहे की शंकेला जागाच नाही. मी दाखवते." हातातला केसपेपरचा पुठ्ठा मी तोंडापुढे धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मी आत्ता बोलतेय तेवढ्याच आवाजात यादी वाचली. आवाज तोच ठेवला, फक्त ओठ..."

"पुठ्ठा खाली घ्या."

"एकच मिनिट, सर, मला एवढंच..."

"पुठ्ठा खाली घ्या म्हणतो ना!"

इतक्या चढ्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी पुठ्ठा खाली घेतला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. अंधारात काचेतून माझ्याकडे बघणाऱ्या इंदुबाईंचा चेहरा सकाळी जसा होता, तसा तो होता.

मी म्हणाले, "सर, थिएटरमध्ये..."

"सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतो," ते म्हणाले. "म्हणून तो नियम."

ते उठले. दाराशी जाऊन बाहेरच्या शिपायाला म्हणाले, "अर्धा तास कुणाला सोडू नको." मग माझ्याकडे वळून, "चला. माझी घ्या."

डॉ. मगदूम त्या खोलीत रुग्णाच्या बाजूला पहिल्यांदाच बसले असावेत. हेडफोन त्यांनी स्वतः लावला, उलटा. मी जाऊन सरळ केला. आधी शिट्ट्या घेतल्या. मग एक यादी उघड्या तोंडाने वाचली. मग दुसरी पुठ्ठा धरून. ही दुसरी यादी चालू असताना ते काचेकडे बघत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, खाली बघून, एकेक शब्द ते जुळवत होते. जो कळला नाही तिथे गप्प राहत होते. अंदाजाने एकही शब्द त्यांनी टाकला नाही.

बाहेर आले. "किती?"

"उघड्या तोंडाने ब्याण्णव."

"आणि?"

"चव्वेचाळीस."

त्यांनी शिट्ट्यांचा आलेख माझ्या हातातून घेतला. बारीक, उंच आवाजांपाशी रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती. असे आलेख आम्ही दोघांनी शेकडो पाहिले होते.

"आठवीपासून बारावीपर्यंत वडिलांच्या मागावर होतो," ते म्हणाले. "शाळा सुटली की शेड. सात महिने झाले, मीही ही गोळी घेतोय. सांगितलं नाही कुणाला. मला फरक वाटत होता, हेर्लेकर. अगदी शपथेवर सांगितलं असतं."

"मी तोंड झाकायला हवं होतं, सर. चूक माझी आहे."

"खिडकी मी बांधली." त्यांनी आलेखाची घडी केली. "सभा पुढं ढकलू. दोन महिने. तोवर बघू काय ते."

ओठ सावकाश हलवत मी म्हणाले, "नको, सर. सभा पुढे गेली तरी गोळीचं नाव मागे राहील. लोक गोळीवर भरवसा ठेवून पोरी कांडीवर घालतायत. एक तारीख सोमवारी आहे."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"गुरुवारी मागांना सुट्टी असते," ते म्हणाले. "सगळ्यांना निरोप धाडा."

गुरुवारी सकाळी सातपासून ओळ लागली. पुठ्ठा धरायला हात अपुरा पडू नये म्हणून मी तो काचेलाच, माझ्या तोंडाच्या उंचीवर, चिकटपट्टीने लावून टाकला होता. वर्षभरापूर्वी सुचायला हवं होतं असं साधं काम. कामगार वैतागले. "आज बाईंनी पडदा पाळलाय," एकजण म्हणाला. "मास्तरीण रुसलीया," दुसरा. हसत आत गेलेला माणूस बाहेर येताना हसत नव्हता. आपण काय गमावलंय हे त्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माग दुरुस्त करणाऱ्या एका तरण्या जॉबरने हेडफोन काढून विचारलं, "माझं बरं झालं हुतं न्हवं, बाई?" त्याला काय उत्तर दिलं ते मी विसरले आहे. विसरायचं ठरवलं असेन.

एकोणचाळीस जण आले. सरासरी चाळीस. गोळीच्या आधी एक्केचाळीस होती.

संध्याकाळी इंदुबाई पुन्हा येऊन बसल्या. चाचणी झाली होती तरी.

"बाई, शिकवायचं का तुमास्नी?"

"काय?"

"तोंडानं बोलाय. सरांनी इचारलं मला. म्हनले, शनिवारी सभेत लोकं लांब बसत्यात, मागनं प्रश्न करत्यात. तवा बाईंना जरा शिकवा."

सरांनी त्यांना विचारलं होतं. म्हणजे एका कांडीवालीला ते जे बोलले, ते विभागात कुणालाच वीस वर्षांत बोलले नव्हते. मी वही मिटली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इंदुबाईंनी मला ओठ हलवायला शिकवलं. घाई करायची नाही. वाक्य तोडायचं नाही. हनुवटी वर ठेवायची. "आनि लाजायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "लाजलं की ओठ बारीक हुत्यात."

शनिवारी सभागृह भरलं होतं. मी पहिल्या रांगेत, व्यासपीठाच्या बरोबर समोर बसले. खुर्ची तिरकी करून घेतली, म्हणजे मागचं ऐकू येईल आणि पुढे सरांना माझा चेहरा दिसेल.

सरांनी बहात्तरचा आकडा सांगितला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "हा आकडा खोटा आहे," आणि ट्यूबलाइटपासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं सांगितलं. कुठेही माझं नाव आडोशाला घेतलं नाही आणि पुढेही ढकललं नाही. "आम्ही" म्हणाले.

प्रश्न सुरू झाले. पाचव्या रांगेतून एका डॉक्टरने विचारलं, मी ओठ हलवले, सरांनी उत्तर दिलं. खांबाआडून कोणीतरी विचारलं, मी ओठ हलवले, सरांनी उत्तर दिलं. माझ्या शेजारची बाई माझ्याकडे विचित्र नजरेने बघू लागली. लाजायचं न्हाई. मी हनुवटी वर ठेवली.

मग अगदी मागून एक मागमालक उभे राहिले. "म्हणजे डॉक्टर, एवढं वरीस पाण्यात घालवलंसा आणि आमालाबी घालवाय लावलंसा, असंच ना?"

सभागृहात हशा पिकला. हे वाक्य सौम्य करणं माझ्या हातात होतं. सरांना कधीच कळलं नसतं. मी शब्दाला शब्द तसंच सांगितलं, "पाण्यात" हा शब्द जरा मोठ्या ओठांनी.

सर किंचित हसले. "पाण्यात नाही. गोळीनं मागाचा कान परत येत नाही, हे गेल्या आठवड्यात ठाऊक नव्हतं, आता आहे. गेलेला कान येत नाही. असलेला राखता येतो. झाकणं द्या. घामाचं बघू, धाग्याचं बघू. आणि मी हे कुणाच्या जिवावर बोलतोय ते सांगतो." त्यांनी खिशातून घडी केलेला आलेख काढला. "हा मागावरच्या एका माणसाचा कान आहे. चव्वेचाळीस गुण. तुमचा एकही प्रश्न मला ऐकू आलेला नाही. मी या बाईंच्या ओठांवरून वाचतोय."

हशा थांबला.

कामगारांच्या बाजूला, शेवटच्या दोन रांगांत, कांडीवाल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून इंदुबाई उभ्या राहिल्या. शेजारी दोन वेण्यांची मुलगी होती, तिचा हात त्यांनी धरला होता. त्यांनी ओठ हलवले. आवाज नव्हता. अंतर बरंच होतं आणि मधली माणसं माना वळवून बघत होती. मी डोळे ताणले, पण मला पुरतं कळलं नाही.

व्यासपीठावरून सरांचा आवाज आला. सभागृहातल्या ओठ न वाचणाऱ्यांना ते कशाला उत्तर देतायत हे कळायचं कारण नव्हतं.

"झाकणांची पहिली मागणी आलीय, हेर्लेकर," ते म्हणाले. "लिहून घ्या. सातपुते. दोन."